न विटणारा काळा रंग

आमच्या शाळेच्या सभागृहांत संस्थापक गुरुजींची एक तसबीर लावलेली आहे. दोन फूट रुंद व तीन फूट उंच अशी ही तसबीर २००१ सालीं शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तयार करून घेतली, आणि चित्रकला शिकविणारा मास्तर या नात्यानें तें काम माझ्याकडे आलें. गुरुजींचा पोस्टकार्डाएवढा एकच जुना फोटो शाळेजवळ होता. शहरांतील एका दुकानदारानें तो नव्या यंत्रावर मोठा करून दिला. समारंभाच्या दिवशीं पडदा दूर झाला तेव्हां गुरुजींचा काळा कोट, पांढरा रुमाल आणि ती करारी नजर पाहून जुन्या विद्यार्थ्यांचे डोळे पाणावले. परंतु दोन पावसाळे गेले नाहींत तोंच काळा कोट तपकिरी झाला, पुढें तांबूस झाला. आणि आज गुरुजींनीं नारिंगी कोट घातला होता अशीच नव्या मुलांची समजूत आहे.

दुकानदारास काय बोल लावावा? त्या यंत्राची परीक्षा त्यालाहि नव्हती व मलाहि नव्हती. पण यांत एक अपराध केवळ माझा आहे. मोठी प्रत हातीं आली, आतां लहान फोटो कशाला जपावयाचा, अशा समजुतीनें तो मीं दप्तराच्या कपाटांत टाकून दिला, आणि त्या कपाटास वाळवी लागली. मूळ गेलें आणि नक्कल विटली.

हें सर्व आज सांगण्याचें कारण असें कीं, गांवांतील एका जुन्या फोटोग्राफराच्या घरून शाळेच्या पहिल्या वीस वर्षांचीं साठएक नेगेटिव्हें आम्हांस नुकतींच मिळालीं. तीं मोठीं करून सभागृहांत लावावीं असें माजी विद्यार्थ्यांनीं ठरविलें. त्यांतला एक, जो आज बऱ्यापैकीं कारखानदार आहे, मला म्हणाला, "मास्तर, यंत्र कोणतें घ्यावयाचें तें तुम्ही सांगा, पैशाचें मी पाहतों." दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकहि फुंकून पितो. मीं त्याच्याकडून चार महिन्यांची मुदत मागून घेतली आणि चौकशीस लागलों. चौकशी सुरू केली यंत्राची, पण पोंचलों मात्र इतिहासांत. कारण माझ्या ध्यानांत आलें कीं, मी ज्या प्रश्नानें बेजार झालों होतों, तोच प्रश्न छायाचित्रणाच्या जन्मापासून, म्हणजे जवळजवळ दोन शतकें, मोठमोठ्या माणसांनाहि सतावीत आलेला आहे. तो प्रश्न असा: कागदावरचा काळा रंग काळाच राहावा यासाठीं काय करावें?

१८३९ सालच्या जानेवारींत पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढें दागेर याच्या शोधाची वार्ता जाहीर झाली. त्याचें चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. तें अतिशय सुंदर असे, पण एकुलतें एक. त्याची दुसरी प्रत निघत नसे. त्याच महिन्याच्या अखेरीस इंग्लंडांत टॅल्बट यानें रॉयल सोसायटीपुढें आपली निराळी कृति मांडली. त्याचें चित्र कागदावर उमटे, आणि पुढें त्यानें उलट्या चित्रावरून, म्हणजे नेगेटिव्हावरून, हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची रीति पूर्णतेस नेली. आज आपण ज्याला फोटोची प्रत म्हणतों तिचें मूळ तें. परंतु या कागदी चित्राच्या वांट्यास जन्मापासून एक शाप आला. टॅल्बटनें १८४४ ते १८४६ या सालांत आपल्या चित्रांचें जें पुस्तक हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध केलें, त्यांतील कितीएक चित्रें घेणाऱ्यांच्या घरांतच फिकट पडलीं.

ही तक्रार पुढें इतकी वाढली कीं, लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनें १८५५ सालीं एक खास समिति नेमली. तिचें काम एकच, चित्रें कां विटतात तें शोधणें. राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स आल्बर्ट यांनीं या कामासाठीं पन्नास पौंड दिले. आपल्या कागदावरच्या सावल्या नाहींशा होतात याची काळजी एका राजघराण्यानें वाहावी, ही गोष्ट मला मोठी विलक्षण वाटते. समितीनें जीं कारणें दिलीं तीं आजहि वाचण्यासारखीं आहेत. चित्र पक्कें करण्यासाठीं वापरलेला हायपो नांवाचा क्षार धुतांना पूर्ण निघत नाहीं, हें पहिलें कारण. शहराच्या हवेंतील गंधकाची वाफ हें दुसरें. आणि ओलावा हें तिसरें. उपाय म्हणून समितीनें चित्रास सोन्याच्या क्षाराचें पुट द्यावें अशी शिफारस केली. चांदीच्या कणांवर सोन्याचा मुलामा बसला म्हणजे गंधकाचें कांहीं चालत नाहीं, हें त्यांतील मर्म.

आपल्याकडेहि ही विद्या फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं, म्हणजे लंडनच्या संस्थेनंतर अवघ्या वर्षानें, स्थापन झाली. आणि पुढच्याच सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले फोटोग्राफर. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर मुंबईंत हाच व्यवसाय केला. १८५६ पासून मुंबईच्या सोसायटीच्या आश्रयाखालीं एक चित्रसंग्रह मासिक अंकांच्या रूपानें निघूं लागला, त्यांत छापील चित्रें नसून खऱ्या फोटोंच्या प्रती डकविलेल्या असत. मुंबईच्या दमट हवेंत, बर्फाची व शुद्ध पाण्याची वाण असतांना, या लोकांनीं अंड्याच्या बलकाचें पुट दिलेल्या कागदावर तीं चित्रें कशीं काढलीं असतील, याची कल्पना ज्यानें एकदां तरी अंधाऱ्या खोलींत हात भिजविले आहेत त्यालाच येईल. क्षमा करा, बलक म्हणालों. तें पुट पिवळ्या बलकाचें नव्हे, अंड्यांतील पांढऱ्याचें. चाळीस वर्षें मुलांच्या चुका सुधारल्यावर आपलीहि एखादी सुधारावी लागते.

आतां या कथेंतील मुख्य वळण सांगतों. फ्रान्समधील ड्यूक द ल्यून नांवाच्या एका सरदारानें १८५६ सालीं बक्षीस लावलें कीं, न विटणारें फोटोचित्र जो करून दाखवील त्यास हें द्यावें. त्याचा मान पुढें १८६७ सालीं प्वातव्हां या रसायनज्ञास मिळाला. त्याची युक्ति ऐका. चांदी विटते ना? मग चित्रांत चांदी ठेवावीच कशाला? सरस आणि काजळी यांचें मिश्रण क्रोमियमच्या एका क्षारांत भिजवून त्यावर ऊन पाडलें, तर जेथें ऊन लागेल तेथें सरस कठीण होतो. बाकीचा गरम पाण्यानें धुवून जातो. उरतें तें काजळीचें चित्र. इंग्लंडच्या जोसेफ स्वॉन यानें, ज्यानें पुढें विजेचा दिवा केला त्यानेंच, १८६४ सालीं ही कृति बाजारांत चालेल अशी सुकर केली. या प्रतींस कार्बन प्रत असें नांव पडलें. त्या आज दीडशें वर्षांनंतरहि जशाच्या तशा काळ्या आहेत.

खरें पाहतां काजळीचें हें सामर्थ्य आपल्या पूर्वजांस नवें नव्हतें. आपल्या घरांतील जुन्या पोथ्या पाहा. कागद पिवळा पडला, कडा कुरतडल्या, कसरीनें भोंकें पाडलीं, पण अक्षर काळेंभोर आहे. कारण ती शाई दिव्याच्या काजळीची. उलट हळदीचें उदाहरण घ्या. हळदीचा डाग धुवून जात नाहीं, पण उन्हांत वाळत घातला कीं चार प्रहरांत उडतो. रंगारंगांत हा भेद आहे. कांहीं रंग पाण्यांत विरघळणारे, दिसावयास तेजस्वी, पण हवेनें व उन्हानें मोडणारे. आणि कांहीं रंग न विरघळणाऱ्या बारीक भुकटीचे, दिसावयास साधे, पण चिवट. हा भेद आपण लक्षांत ठेवावा, कारण माझ्या तसबिरीचें सारें दुर्दैव याच भेदांत सांठलेलें आहे.

मधल्या काळाचा इतिहास मी थोडक्यांत आटोपतों. १८७३ सालीं विल्यम विलिस यानें प्लॅटिनम धातूच्या चित्रांचें पेटंट घेतलें; तीं चित्रें अतिशय टिकाऊ व करड्या रंगाच्या असंख्य छटांनीं नटलेलीं असत; परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळांत प्लॅटिनमचा भाव असा भडकला कीं, ती कला जवळजवळ बंद पडली. सर्वसामान्य व्यवहारांत विजय मिळाला तो सरसांत बसविलेल्या चांदीला, म्हणजे ज्याला आपल्याकडे सर्रास ब्रोमाइड म्हणत त्या कागदाला. नीट धुतलेली ब्रोमाइड प्रत शंभर वर्षें टिकते. या कागदाच्या पोटीं बेरियमच्या क्षाराचा एक पांढरा थर असतो. त्यामुळें पांढरें शुभ्र दिसतें आणि काळें खोल दिसतें. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेमागील अडगळीच्या खोलींत तांबडा दिवा लावून मीं असल्या शेकडों प्रती धुतल्या. कोऱ्या कागदावर, पाण्याखालीं, एखादा चेहरा हळूहळू वर येतांना पाहणें हें माझ्या आयुष्यांतील एक मोठें सुख होतें. पुढें कागद मिळेनासा झाला, औषधें महागलीं, आणि त्या खोलींत आतां खेळाचें सामान ठेवतात.

आतां यंत्राकडे वळतों. ज्याला इंकजेट म्हणतात तें यंत्र म्हणजे वस्तुतः शाईची पिचकारी. पिचकारीची धार कांहीं अंतरावर आपोआप तुटून तिचे थेंब होतात, हें रंगपंचमीस प्रत्येक मुलानें पाहिलेलें असतें; पण ती कां तुटते याचें गणित १८७८ च्या सुमारास लॉर्ड रेले यानें मांडलें. त्याआधीं १८६७ सालीं विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, यानें समुद्राखालच्या तारायंत्रासाठीं असें उपकरण केलें कीं, त्यांत विजेच्या ओढीनें शाई नळींतून कागदाच्या पट्टीवर, कागदास स्पर्श न करतां, उडे. १९५१ सालीं स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट याला हृदयाचे ठोके टिपणाऱ्या एका शाईच्या यंत्राचें अमेरिकन पेटंट मिळालें. याच गृहस्थानें पुढें माणसाच्या शरीरांत बसविण्याचें पहिलें हृदयचालक उपकरण केलें, व तें १९५८ सालीं एका रोग्याच्या शरीरांत बसविण्यांत आलें. पिचकारीचा हा प्रवास दवाखान्यांतून झाला, चित्रशाळेंतून नव्हे.

पुढें या यंत्राचे दोन पंथ झाले. एका पंथांत शाईच्या नळीस असा एक स्फटिक लावतात कीं, त्याला वीज दिली म्हणजे तो वांकतो आणि थेंब बाहेर ढकलतो. दुसऱ्या पंथाची कथा मजेची सांगतात. १९७७ सालीं जपानच्या कॅनन कंपनींतील एका संशोधकाची तापलेली डाग देण्याची कांब चुकून शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईस लागली, आणि सुईंतून शाई फुर्रकन् उडाली. आंत उकळी फुटून बुडबुडा झाला व त्यानें शाई ढकलली, हें त्यानें ताडलें. तेव्हांपासून एक पंथ स्फटिकाचा आणि एक पंथ बुडबुड्याचा. हे दोन पंथ आजहि चालू आहेत, आणि यंत्र घेणाऱ्यास त्यांचा भेद ठाऊक असावा लागतो. तो पुढें सांगेन.

हें यंत्र चित्रकलेच्या कामीं कसें आलें, ती हकीकत माझ्या दृष्टीनें सर्वांत मनोरंजक आहे. ग्रॅहॅम नॅश नांवाचे प्रसिद्ध गायक, जन्मानें इंग्रज, अमेरिकेंत स्थायिक, यांना फोटोचा मोठा नाद. त्यांनीं काढलेल्या व्यक्तिचित्रांचें प्रदर्शन भरवावयाचें ठरलें, आणि पाहतात तों मूळ नेगेटिव्हें व प्रती बहुतेक सर्व प्रकाशकाकडे जातांना वाटेंत गहाळ झालेल्या! उरले होते ते नेगेटिव्हाच्याच आकाराचे चिमुकले नमुने. डेव्हिड कून्स नांवाच्या तंत्रज्ञानें ते नमुने संगणकांत उतरवून घेतले, दुरुस्त केले, आणि आयरिस नांवाच्या इंकजेट यंत्रावर, जलरंगाच्या जाड कागदावर, सोळा चित्रें मोठीं करून छापलीं. २४ एप्रिल १९९० रोजीं तें प्रदर्शन उघडलें. त्याच सालीं नॅश यांनीं एक लाख सव्वीस हजार डॉलर देऊन तसलें यंत्र विकत घेतलें, आणि १९९१ सालीं आपले सहकारी मॅक होल्बर्ट यांच्यासह कॅलिफोर्नियांत त्याचा छापखाना काढला. यंत्र मूळ छापखान्याचे कच्चे खर्डे पाहण्यासाठीं केलेलें. त्यांत जाड कागद जाईना. तेव्हां या मंडळींनीं शाईच्या तोंडांचा कांहीं भाग चक्क करवतीनें कापला! सव्वा लाखाच्या यंत्राची हमी त्या क्षणीं संपली, पण जाड कागद आंत गेला. तें यंत्र आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ठेवलेलें आहे.

मीं ही हकीकत वाचली तेव्हां एका गोष्टीनें मला दिलासा मिळाला: मूळ हरवणारा मी एकटाच नाहीं.

परंतु आयरिसची शाई हळदीच्या जातीची होती, काजळीच्या नव्हे. चित्रें देखणीं निघत, पण उजेडांत ठेवलीं कीं विटत. पुढें घरोघर जीं लहान यंत्रें आलीं त्यांचीहि तीच गत. २००० सालीं तर बाजारांतील कांहीं नव्या यंत्रांवरचे फोटो उजेडाशिवाय, नुसत्या हवेनें, नारिंगी होऊं लागल्याचा बोभाटा झाला. शोध घेतां दिसलें कीं, हवेंतील ओझोन वायु निळसर शाईचा रंग खाऊन टाकतो. निळा गेला म्हणजे उरतात तांबडा आणि पिवळा, आणि त्यांचें मिश्रण नारिंगी. श्रोतेहो, आमच्या गुरुजींच्या कोटाचें कोडें येथें उलगडलें. तो कोट काळ्या शाईनें छापलेलाच नव्हता. निळा, तांबडा व पिवळा हे तीन रंग एकावर एक घालून काळ्याचा आभास केला होता. त्यांतला एक गडी पळाला आणि बाकीच्यांचें पितळ उघडें पडलें.

याच सुमारास काळ्या-पांढऱ्या चित्राची बाजू घेऊन उभे राहिलेले एक छापखानदार म्हणजे अमेरिकेंतील व्हर्माँटचे जॉन कोन. त्यांनीं २००० च्या सुमारास असा मार्ग काढला कीं, यंत्रांतील रंगीत शाया काढून टाकाव्या आणि त्यांच्या जागीं काळ्या शाईच्याच गडद व फिकट मात्रा भराव्या. हें त्यांनीं कां केलें, तें चित्रकलेच्या विद्यार्थ्यास चटकन् समजेल. काळ्या शाईचा ठिपका कितीहि लहान केला, तरी पांढऱ्या गालावर तो तिळासारखा दिसतो. म्हणून आपण काय करतों? शाईंत पाणी घालतों, आणि फिकट हात मारतों. तेंच यंत्रानें करावयाचें. मोठ्या कंपन्यांसहि हें पटलें. २००५ सालीं एप्सन कंपनीनें काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन मात्रांची, भुकटीच्या जातीची शाई आपल्या मोठ्या यंत्रांत घातली. पुढच्याच सालीं एच्‌पी व कॅनन यांनींहि बारा शायांचीं मोठीं यंत्रें जाहीर केलीं, आणि त्यांतहि करड्या शाया होत्या. टॅल्बटच्या कागदापासून सुरू झालेली वाट अशा रीतीनें पुन्हां काजळीपाशीं येऊन पोंचली.

आतां निवडीची गोष्ट. मोठ्या आकाराचें यंत्र पाहावयास जाणाऱ्या माणसानें दुकानदाराचें व्याख्यान ऐकण्यापूर्वीं कांहीं प्रश्न आपणच विचारावे.

पहिला प्रश्न: शाई भुकटीची आहे कीं विरघळणाऱ्या रंगाची? विरघळणाऱ्या रंगाचें यंत्र स्वस्त असलें तरी भिंतीवरच्या चित्रासाठीं तें घेऊं नये. दुसरा: काळ्याच्या मात्रा किती, आणि काळें-पांढरें चित्र छापतांना यंत्र मुख्यतः त्याच वापरतें कीं रंगीत शायांची भेसळ करून करडा रंग बनवितें? भेसळीच्या करड्याचा दोष असा कीं, तो ट्यूबलाइटखालीं हिरवट आणि पिवळ्या दिव्याखालीं तांबूस दिसतो. दुकानांतल्या दिव्याखालीं घेतलेलें लुगडें घरीं उन्हांत निराळें दिसावें तसा. तिसरा: काळी शाई दोन जातींची लागते, एक चकचकीत कागदासाठीं आणि एक खरखरीत, कापसाच्या कागदासाठीं. त्या दोन्ही यंत्रांत एकाच वेळीं तयार असतात कीं एकावरून दुसरीवर जातांना नळ्या धुवाव्या लागतात? कांहीं जुन्या यंत्रांत या अदलाबदलीपायीं बरीच किंमती शाई वायां जात असे.

चौथा प्रश्न पंथाचा. स्फटिकाच्या पंथांतील शाईचें तोंड पुष्कळ वर्षें टिकतें, पण तुंबून कायमचें बिघडलें तर दुरुस्तीचा खर्च जबर. बुडबुड्याच्या पंथांतील तोंड झिजतें, पण तें आपलें आपण बदलतां येतें. दोन्ही पंथांत एक गोष्ट समान आहे: यंत्र वापरांत नसलें कीं शाई वाळते. मग तोंड साफ करण्यासाठीं यंत्र आपण होऊन शाई पिऊं लागतें, आणि ती शाई कागदावर न उमटतां पोटांतल्या डबींत जाते. ज्या घरीं आठवड्यांतून दोनतीन चित्रें निघत नाहींत, त्या घरीं हें यंत्र म्हणजे दारांत बांधून ठेवलेला हत्ती.

पांचवा प्रश्न रुंदीचा. सतरा इंच, चोवीस इंच आणि चव्वेचाळीस इंच हीं सामान्यतः मिळणारीं मापें. कागदाची गुंडाळी लावतां येत असेल तर लांबीची अडचण नाहीं. म्हणून दोन फुटांच्या तसबिरीस चोवीस इंची यंत्र पुरतें. पण आपल्या नेगेटिव्हांत तितका मोठा होण्याइतका तपशील आहे काय, हें आधीं पाहावें. लहान चित्र ताणून मोठें केलें तर चेहरा मोठा होतो, ओळख मोठी होत नाहीं.

शेवटचा प्रश्न कागदाचा. जर्मनींतील हानेम्यूले ही कागदाची गिरणी १५८४ सालापासून चालू आहे, आणि तिच्यासारख्या जुन्या गिरण्या आज या यंत्रांसाठीं निव्वळ कापसाचा, आम्ल नसलेला कागद करतात. कांहीं कागदांत पांढरेपणा वाढविण्यासाठीं, धोबी नीळ घालतो त्याप्रमाणें, चकाकीचें द्रव्य घातलेलें असतें. तें काळांतरानें निकामी होतें आणि कागद पिवळसर दिसूं लागतो. तो कागद टाळावा. खरखरीत कागदावर काळें जरा मवाळ दिसतें. बेरियमचा थर दिलेल्या कागदावर तें जुन्या ब्रोमाइडहून कमी खोल नसतें. ही आवडीची बाब आहे.

या सर्वांबरोबर एक सावधगिरीची सूचना. जाहिरातींत शंभर वर्षें, दोनशें वर्षें असे आंकडे असतात. ते खोटे नसतात, पण ते मिळवितात कसे हें पाहावें. हेन्री विल्हेल्म या अमेरिकन संशोधकानें या परीक्षणांत आयुष्य घालविलें आहे. त्याच्या गणितांत चित्र कांचेआड आहे, दिवसाचे बारा तास ठराविक उजेड आहे, आणि हवेंतील ओलावा साठ टक्के आहे, असें गृहीत धरलेलें असतें. कोकणांतल्या आषाढांत ओलावा ऐंशीच्या वर जातो, आणि आपल्याकडे तसबीर नेमकी खिडकीसमोर लावण्याची चाल आहे. १८५५ च्या समितीनें ओलाव्याचें नांव घेतलें होतें, तें आपण विसरतां कामा नये.

चार महिन्यांनीं मीं त्या विद्यार्थ्यास माझें मत सांगितलें. म्हटलें, "यंत्र घेऊं नकोस." तो हिरमुसला. "मास्तर, मी पैसे देतों म्हणतों आणि तुम्ही नको म्हणतां?" मीं त्याला समजाविलें: शाळेस साठ चित्रें एकदांच हवीं आहेत, मग तें यंत्र खेळाच्या खोलींत पडून राहील आणि त्याचीं तोंडें वाळतील. ज्याचें यंत्र रोज चालतें अशा छापणाराकडे जाऊं, आणि हेच प्रश्न त्याला विचारूं. वांचलेल्या पैशांत चांगला कागद, कांच, आणि मूळ नेगेटिव्हांसाठीं एक लोखंडी कपाट घेऊं. त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "कपाट आधीं घेऊं." माझ्या तोंडचें वाक्य त्यानें घेतलें, यांतच त्याला शिकविल्याचें सार्थक झालें.

त्याप्रमाणें चित्रें झालीं. प्रत्येकाच्या दोन प्रती काढल्या. एक भिंतीवर, एक अंधारांत पेटींत. आणि गुरुजी? त्यांचीहि थोडीशी सोय लागली. छापणाऱ्या मुलानें ती नारिंगी तसबीर संगणकांत उतरवून घेतली आणि मला समजाविलें कीं, निळी शाई उडाली असली तरी तांबड्या व पिवळ्या शाईंत चित्राचा आकार शिल्लक आहे. तेवढाच वेगळा काढून तो करड्या रंगांत छापतां येतो. त्यानें तसें केलें. कोट काळा झाला, रुमाल पांढरा झाला, नजरहि परत आली. परंतु डोळ्यांच्या कडेच्या ज्या बारीक सुरकुत्या त्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोंत होत्या, त्या आल्या नाहींत. त्या २००१ सालच्या यंत्रानें घेतल्याच नव्हत्या, आणि ज्यांत त्या होत्या तो कागद माझ्या निष्काळजीपणामुळें वाळवीनें खाल्ला. आतां त्या केवळ माझ्यासारख्या, त्यांच्यासमोर बसलेल्या चार म्हाताऱ्यांच्या आठवणींत आहेत.

नवी तसबीर सभागृहांत लावली. जुनी काढून टाकूं नका, असें मीं मुद्दाम सांगितलें. ती बाहेरच्या पडवींत आहे. मुलें विचारतात, गुरुजींचा कोट असा नारिंगी कां, आणि मग त्यांना ही सगळी गोष्ट सांगावी लागते. श्रोतेहो, आपल्या घरींहि एखाद्या ट्रंकेंत आजोबा-आजींचा एखादा लहानसा काळा-पांढरा फोटो असेल. तो मोठा अवश्य करून घ्या. वरचे प्रश्न विचारून घ्या. पण मोठा झाला म्हणून लहान टाकूं नका.